बिननात्याची चौथी आत्या

ओआन मला आत्या म्हणायची, पण ती माझी कोणी लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सरकारी कचेरीत सगळा घोळ यावरूनच झाला. आम्हा व्हिएतनामी लोकांत मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. म्हणून जो तो दिसेल त्या बाईला आत्या नाहीतर मावशी करून टाकतो. मी चौथी आत्या. खरं म्हणजे मी आईबापाची तिसरी, पण आमच्या दक्षिणेत थोरल्या मुलाला दुसरा म्हणतात, थोरला कोणता ते भुताखेतांना कळू नये म्हणून. त्या हिशेबाने तिसरी ती चौथी. उत्तरेकडच्या लोकांना हे समजत नाही. त्यांना आणखीही बऱ्याच गोष्टी समजत नाहीत, पण तो विषय वेगळा.

ओआनचं नखांचं दुकान आहे, आमच्या गार्डन ग्रोव्हहून मोटारीने अर्ध्या तासावर, गोऱ्या वस्तीत. तिथे मी नऊ वर्षं लोकांचे हातपाय घासले, नखं कापली, रंगवली. पहिल्या दिवशी ओआनने मला छातीवर लावायला ‘नॅन्सी’ लिहिलेली पट्टी दिली. आधीची नॅन्सी टेक्सासला निघून गेली होती आणि पट्टी अजून चांगली होती. तर गिऱ्हाइकांची मी नॅन्सी, दुकानातल्यांची चौथी आत्या, आणि न्यान हे माझं खरं नाव भिंतीवर टांगलेल्या परवान्यावर होतं तेवढंच.

त्या दुकानात मला कोणी उलट बोलत नसे, हेही सांगते. नवीन पोरींना हात कसा धरायचा, पाठ कशी ठेवायची ते मीच शिकवलं. एका गिऱ्हाइकाला मी आमच्या भाषेत विचारलं होतं, बाई, टाचा आहेत का वाळलेला नाला, नवऱ्याने कधी सांगितलं नाही का. तिला वाटलं मी तिची स्तुती केली. पाच डॉलर बक्षिशी देऊन गेली. ओआनने डब्यात आणलेलं मासळीचं सार खारट असलं तर तेही मी तोंडावर सांगायची. घरी मुलगा, सून, नातवंडं, सगळ्यांना ठाऊक होतं की पाटी ओआनची असली तरी दुकान चालतं माझ्या शब्दावर. हे त्यांना मीच सांगितलं होतं.

नववर्षाचा सण झाला आणि ओआनने मला मागच्या खोलीत बोलावलं. म्हणाली, आत्या, आता आराम करा, तुमचा हात थरथरतो. माझा हात थरथरत नव्हता. तिने विशीतल्या दोन पोरी आणल्या होत्या आणि त्यांना बसायला खुर्च्या हव्या होत्या. मी म्हटलं, बरं, मग शेवटच्या तीन आठवड्यांचे पैसे राहिलेत तेवढे दे.

ती हसली. वाईट हसली नाही, प्रेमाने हसली.

“आत्या, तुम्ही तर स्वतःच्या मालक. मालकाला पगार कोण देतं?”

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. व्हिएतनामला आमच्या गावी, सा देकच्या शाळेत, तिसरीपर्यंत गेलेली बाई, बासष्टाव्या वर्षी मालक. तीन दिवस मी घरात मालकासारखी वावरले. नातवाला पाणी आणायला सांगितलं. चौथ्या दिवशी माझी सून हाओ म्हणाली, आई, तुमचे दुकानाचे कागद दाखवता का?

हाओ दातांच्या डॉक्टरकडे कचेरीचं काम बघते. पोरगी कमी बोलते. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं तिला घशाचा काही त्रास असेल. मी तिला बिस्किटांच्या डब्यातले कागद काढून दिले. दर वर्षी ओआन एक कागद द्यायची, त्यावर एक हजार नव्याण्णव असा आकडा छापलेला असायचा. मला वाटायचं तो माझा नंबर. म्हणजे माझ्या आधी कुठेतरी एक हजार अठ्ठ्याण्णव बायका असतील.

हाओने समजावलं की तो नंबर कागदाचा आहे, बायकांचा नाही. ज्याला तो कागद मिळतो तो कामाला ठेवलेला माणूस नाही, स्वतंत्र ठेकेदार. त्याला जादा तासांचे पैसे नाहीत, जेवणाची सुट्टी नाही, काम गेलं तर भत्ता नाही, आणि दुकानाने भरायचा करही त्यानेच भरायचा.

“मालक तुम्ही नव्हता, आई,” हाओ म्हणाली. “मालकाचा खर्च तेवढा तुमचा होता.”

एका दमात ती इतकं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

कामगारांच्या सरकारी कचेरीत तक्रार करता येते, असं तिने शोधून काढलं. नऊ वर्षांचं नाही, पण मागच्या तीन-चार वर्षांचं सगळं मागता येतं. आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा तास, म्हणजे थोडंथोडकं नव्हतं. एकच गोष्ट सिद्ध करावी लागणार होती, की मी ओआनच्या हुकमाखाली होते. हाओ वही घेऊन बसली.

“कामाला किती वाजता यायचं ते कोण सांगायचं?”

“मला कोण सांगणार? मी नऊला जायची.”

“नऊला नाही गेलात तर?”

“नऊला गेले नाही असं कधी झालंच नाही.”

“आणि सुट्टी हवी असली तर?”

“मला सुट्टी लागत नसे.”

हाओने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग म्हणाली, कचेरीत असं बोललात तर ओआनला वकील करायची गरज पडणार नाही. मी म्हटलं, खोटं बोलू का मग? ती म्हणाली, नाही आई, खरं बोला. आणि ज्या नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं, ती मला आवडली नाही.

पुरावा म्हणून ओआनचे मेसेज हवे होते. मी फोन तिच्या हातात दिला. मला मेसेज वाचता येतात, लिहिता येतात, पुसता येत नाहीत. दोन दिवस जेवणानंतर ती तो फोन घेऊन बसायची. तिने एक जाड फाइल केली. त्यात दुकानातल्या पांढऱ्या फळ्याचे फोटोही होते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कोणाकडे जाणार ते टर्नवर, म्हणजे पाळीवर, ठरतं आणि टर्न त्या फळ्यावर लिहिलेले असतात. फळ्यावर लिहायचा पेन ओआनच्या गळ्यात दोरीने बांधलेला असायचा. दुसऱ्या कोणी त्याला हात लावलेला मी पाहिला नाही.

आठ महिन्यांनी तारीख लागली. दुकानातली एकही पोरगी साक्षीला आली नाही. मी कोणाला दोष देत नाही. त्यांना अजून तिथेच बसायचं होतं.

खोली लहान होती. टेबल, आवाज भरून घेणारं यंत्र, रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. निवाडा करणाऱ्या बाईचं आडनाव पेट्रोस्यान. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि कोणाचंही ऐकताना चेहरा एकसारखा. मला ती पसंत पडली. दुभाष्या मात्र उत्तरेकडचा निघाला, तिशीतला, शर्टाला कडक इस्त्री, आणि बोलणं रेडिओवर बातम्या दिल्यासारखं. मी काही म्हटलं की तो इंग्रजीत ‘मी’ म्हणून बोलायचा. मला आधी विचित्र वाटलं. एवढा उंच मुलगा, आणि सांगतोय की मी बासष्ट वर्षांची आहे, मला गुडघेदुखी आहे.

हाओ मागच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ओआन समोर. हिऱ्याची अंगठी घरी ठेवून आली होती.

आधी मला विचारलं. तास सांगितले, दिवस सांगितले, टर्न कोण द्यायचं ते सांगितलं. मग पेट्रोस्यान बाईने विचारलं, काम कसं करायचं याचे हुकूम तुम्हाला कोणी देत होतं का. मला? असं म्हणून मी हसले. दुभाष्याने हसण्याचं भाषांतर केलं नाही, पण बाईने लिहून घेतलेलं मी पाहिलं.

मग ओआनची पाळी. इंग्रजी ती माझ्यापेक्षा शंभर पट बरं बोलते, पण तिनेही दुभाष्याच घेतला. म्हणाली, चौथी आत्या आपल्या मर्जीची राणी. आम्ही सगळे तिला घाबरायचो. तिला हुकूम कोण देणार, तीच आम्हाला द्यायची. माझं सार खारट झालं तर गिऱ्हाइकांसमोर बोलायची. यातला शब्द न् शब्द खरा होता आणि मी मान डोलावत ऐकत होते. मागून हाओ खोकली, तेव्हा मान थांबवली.

पण घोळ त्याच वेळी झाला. उत्तरेकडच्या त्या मुलाने ‘चौथी आत्या’चं जसंच्या तसं करून टाकलं, ओआनच्या वडिलांची चौथ्या नंबरची बहीण. पेट्रोस्यान बाईने पेन खाली ठेवला. तुम्ही नातेवाईक आहात? हे तक्रारीत कुठेच लिहिलेलं नाही. दुकान घरचं आहे का?

ओआनला इंग्रजी कळत होतं. ती दुभाष्यासाठी थांबलीच नाही. बाटलीला बूच लावायला लागतो तेवढा वेळ घेतला आणि म्हणाली, हो, घरचीच. घरच्या माणसाने मदत केली, आम्ही नात्यात तास मोजत नाही.

दुभाष्याने हे मला सांगितलं तेव्हा मला नीट कळेना, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. बाई म्हणाली, नात्यातली मदत असेल तर मला सगळं वेगळ्या तऱ्हेने पाहावं लागेल. तुम्हाला यांना काही विचारायचं आहे का?

मी उभी राहिले. बाईने बसून विचारा म्हटलं. मी बसले.

“ओआन, माझ्या बापाचं श्राद्ध कोणत्या तिथीला असतं?”

दुभाष्याने प्रश्न इंग्रजीत करून सांगितला. उत्तरेकडचा असला तरी आईबापांच्या पोटचा होता, मी काय विचारलं ते त्याला पुरतं कळलं. बाईने विचारलं, याचा इथे काय संबंध. त्याने बोलायची परवानगी मागितली आणि सांगितलं की ही खरी आत्या असेल तर तिचा बाप हा या बाईंचा आजोबा. आमच्यात त्या दिवशी पोरं, नातवंडं सगळी येतात, आजोबाची तिथी माहीत नाही असं होत नाही. मग म्हणाला, आणि माझी चूक झाली, दक्षिणेकडे हे नुसतं हाक मारायचं नाव असतं, मी नात्याचं म्हणून सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते. चूक कबूल करणारा उत्तरेकडचा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

ओआन म्हणाली, उन्हाळ्यात असतं. मग म्हणाली, पाचव्या महिन्यात.

“तिसऱ्या महिन्याची बारावी,” मी म्हटलं. “तुला पाठ असायला हवी. गेल्या वर्षी मी महिनाभर आधी तुझ्या कानावर घातली होती.”

हे माझ्या तोंडून निघून गेलं. दुभाष्याने ते इंग्रजीत करून टाकलं आणि आता ते परत घेता येत नव्हतं. बाईने विचारलं, कानावर का घातली होती?

माझा भाऊ वारल्यापासून बापाचं श्राद्ध माझ्या घरी असतं. गेल्या वर्षी ते शनिवारी आलं. मी घरी पोचले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. पाहुणे जेवून उठले होते, उदबत्त्या संपल्या होत्या, नैवेद्याचं अंडी घातलेलं डुकराचं मटण गार होऊन त्यावर पांढरी साय धरली होती. सगळं हाओने केलं होतं. मी सांगितलं की हायवेला गर्दी होती, आणि त्याआधी एक जुनी गिऱ्हाईक हटूनच बसली, म्हणाली करीन तर नॅन्सीच्याच हातून. पाहुण्यांनी माना डोलावल्या. माझ्या चुलतभावाने तर म्हटलं, ताई, तुझ्या हाताला मागणीच तशी.

आता हाओ माझ्या मागे चार हातांवर बसली होती. मी म्हणू शकले असते की सहज सांगितली होती. ओआनही तेच म्हणाली असती. मग मी कोणाचंही न ऐकणारी राणी म्हणून घरी गेले असते.

मी कागदी रुमालांच्या डब्याकडे बघून सांगितलं. मी सुट्टी मागितली होती. मिळाली नाही. पुन्हा मागितली, अर्धा दिवस. मिळाला नाही. त्या शनिवारी पाच वाजता मी पिशवी उचलली तर ओआनने माझ्या टर्नवर पाय करून घ्यायला आलेली आणखी एक बाई लिहिली. मी पिशवी खाली ठेवली. दुकान बंद होईपर्यंत तिथेच राहिले. कोणी हटून बसलं नव्हतं. त्या बाईला मी कोण हेही माहीत नव्हतं.

दुभाष्या वाक्यामागून वाक्य सांगत गेला. मी सुट्टी मागितली. मी पिशवी खाली ठेवली. त्याच्या बातम्यांच्या आवाजात ते ऐकताना मला वाटलं, या मुलाच्या बाबतीत हे व्हायला नको होतं.

ओआन म्हणाली, असं काही झालंच नाही, आत्या म्हाताऱ्या झाल्या, त्यांना आठवत नाही. बाईने मला विचारलं, याचं काही लेखी आहे का? मी म्हटलं, नाही.

मागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. हाओ पुढे आली आणि टेबलावर एक कागद ठेवून परत जाऊन बसली. तीन प्रती होत्या, तिघांसाठी. मेसेजचा फोटो, तारखेसकट. फाइलीत हा नव्हता. ओआनने लिहिलं होतं, चौथी आत्या, शनिवारी कोणालाच सुट्टी नाही, तुम्हालाही नाही, गेलात तर आठवडाभर तुमचा टर्न शेवटी. त्याखाली माझं उत्तर होतं. एकच शब्द.

दुभाष्याने ओआनचं वाचून दाखवलं आणि माझ्या शब्दापाशी अडला. आमच्यात लहानाने मोठ्याला द्यायचा होकार निराळा असतो. नातवंडं मला देतात, मी माझ्या सासूला देत होते. मोठ्याने तो लहानाला द्यायचाच नसतो, तसं कोणी करतही नाही. ‘जी’ म्हणण्यासारखाच तो. मी ओआनला लिहिलं होतं, जी.

तो म्हणाला, याला इंग्रजीत नेमका शब्द नाही. पेट्रोस्यान बाई म्हणाली, जवळचा सांगा. त्याने सांगितलं, खालच्या माणसाने वरच्याला म्हणायचं ‘हो’. बाईने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“पण वयाने तर या मोठ्या आहेत ना?”

“वीस वर्षांनी,” दुभाष्याने मला न विचारताच सांगितलं.

“मग त्यांनी असं का लिहिलं?” बाईने विचारलं आणि माझ्याकडे वळली.

“कारण माझा पगार तिच्या हातात होता,” मी म्हटलं.

बाईने हे लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. नंतर ओआन बरंच बोलली. मी ऐकलं नाही. मला पाणी हवं होतं.

गाडीत बसल्यावर मी हाओला विचारलं, तो कागद तुझ्याकडे कधीपासून होता. म्हणाली, तुम्ही फोन दिलात तेव्हापासून. मी विचारलं, मग फाइलीत का नाही लावलास?

“तुम्ही म्हणाला होता हायवेला गर्दी होती,” हाओ म्हणाली आणि गाडी सुरू केली.

दीड महिन्याने पाकीट आलं. हाओने उभ्याउभ्या वाचलं. मी ठेकेदार नव्हते, ओआनच्या दुकानात कामाला होते, जादा तासांचे, बुडवलेल्या तीन आठवड्यांचे आणि दंडाचे मिळून एकतीस हजार आणि वर काही डॉलर ओआनने मला द्यायचे. मी तिला ‘कामाला होते’ हे वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मुलाने विचारलं, आई, आनंद झाला का? मी म्हटलं, जेवायला वाढा.

ओआन वरच्या कोर्टात जाईल असं सगळे म्हणत होते. ती गेली नाही. वरच्या कोर्टात जायचं तर आधी तेवढ्या रकमेची हमी भरावी लागते, असं हाओने सांगितलं. मुदत संपायला दोन दिवस असताना ओआनचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, आत्या, एवढे एकदम कुठून आणू, हप्ते करून द्या. वर्षभर द्या. मी विचारलं, नव्या पोरींनाही तोच कागद देतेस का? ती म्हणाली, नाही आत्या, आता सगळ्यांना पगारावर घेतलंय, परवडत नाही पण घेतलंय. मी म्हटलं, मग सहा महिने देते. ती रडली, खरंच रडली, नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, कचेरीला मधे नका घालू, थोडं कमी करा, आपण घरातल्या घरात मिटवू, तुम्हीच सांगा कसं करायचं.

नऊ वर्षांत तिने मला कसं करायचं ते पहिल्यांदा विचारलं होतं.

“मी काय सांगणार, पोरी?” मी म्हटलं. “मी कामावरची बाई. मला त्यातलं काय कळतं? कचेरीलाच विचार.”

आणि फोन हाओकडे दिला.